गर्जना कोणाची? पडद्यावरचे वीर आणि त्यांच्या तोंडी घातलेली राष्ट्रे

१/
चित्रपटगृहातले दिवे मालवतात. पडद्यावर एक वीर घोड्यावरून सैन्यासमोर येतो आणि बोलू लागतो. तो तेराव्या शतकातला असो वा सतराव्या, त्याचे प्रत्येक वाक्य प्रेक्षकाला तत्काळ कळते, तत्काळ भिडते. संशय घ्यायला हवा तो नेमका इथेच. सातशे वर्षांपूर्वीचा माणूस आजच्या माणसाच्या मनातले इतके तंतोतंत कसे बोलतो? हा थ्रेड त्या भाषेविषयी आहे.

२/
दावा असा: ऐतिहासिक चित्रपटातील वीराची भाषा हा इतिहासाचा अस्सल पुरावा आहे, परंतु तो कथेतल्या शतकाचा नसून चित्रपट ज्या वर्षी निघाला त्या वर्षाचा आहे. त्या वर्षी त्या राष्ट्राला स्वतःविषयी काय ऐकायचे होते, ते वीराच्या तोंडी घातले जाते. "संवाद म्हणजेच इतिहास" म्हणणारे येथे चुकतात. "ही केवळ करमणूक" म्हणून हात झटकणारेही तितकेच चुकतात.

३/
दुसरा दावा अधिक कडू आहे. या भाषेपायी खऱ्या वीरांची आणि त्यांच्या काळातील माणसांची स्वतःची भाषा विस्मरणात जाते. आणि ती उपलब्ध नाही असेही नाही. ती पत्रांत, फळ्यांवर, झाडाच्या सालींवर शिल्लक आहे. चार देशांची उदाहरणे पाहू आणि अखेरीस महाराष्ट्राकडे येऊ.

४/
पहिले उदाहरण रशियाचे. १२४२ साली नोव्हगोरोदचा राजपुत्र अलेक्झांडर नेव्हस्की याने गोठलेल्या पेइपस सरोवरावर जर्मन धर्मयोद्ध्यांचा पराभव केला. १९३८ साली सेर्गेई आयझेनश्टाइन याने त्यावर चित्रपट काढला. त्यातील जर्मन शिपायांची शिरस्त्राणे पहिल्या महायुद्धातील जर्मन हेल्मेटांची आठवण करून देतात. १९३८ च्या मॉस्कोत याचा अर्थ कोणालाही समजावून सांगण्याची गरज नव्हती.

५/
चित्रपटाच्या शेवटी नेव्हस्की जगाला बजावतो की, तलवार घेऊन जो येईल तो तलवारीनेच मरेल. आज असंख्य रशियन माणसे हे त्याचे स्वतःचे उद्गार मानतात. वस्तुतः ते कोणत्याही समकालीन बखरीत नाहीत. मूळ कल्पना बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानातली. तिला हे रूप आले ते पटकथालेखक प्योत्र पाव्हलेंको याच्या चित्रपटातून. निरीश्वरवादी राजवटीच्या चित्रपटातील सर्वांत गाजलेले वाक्य ख्रिस्ताच्या बोधातून आले, आणि जनतेने ते राजपुत्राच्या नावावर जमा केले.

६/
नेव्हस्कीच्या जुन्या चरित्रग्रंथात त्याच्या तोंडी एक वचन आहेच. पण त्याचा आशय देव बळात नसून सत्यात असतो, असा आहे. हा ग्रंथ धर्मपुरुषांच्या परंपरेतला असल्याने त्यातला राजपुत्र संतासारखा बोलतो. १९३८ चा राजपुत्र भूमी आणि जनता यांच्या नावाने बोलतो. एकाच माणसाच्या मुखातून दोन युगे बोलतात. त्या माणसाचा स्वतःचा आवाज दोन्हींत सापडत नाही.

७/
पुढचा घटनाक्रम या थ्रेडच्या पहिल्या दाव्याचा कणा आहे. ऑगस्ट १९३९ मध्ये स्टालिन आणि हिटलर यांच्यात अनाक्रमण करार झाला, आणि जर्मनविरोधी ठरणारा हा चित्रपट पडद्यावरून उतरवण्यात आला. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा सोव्हिएत भूमीत घुसल्या, आणि तो पुन्हा झळकला. तेरावे शतक होते तेथेच होते. बदलली होती ती विसाव्या शतकाची गरज.

८/
७ नोव्हेंबर १९४१ रोजी, शत्रू मॉस्कोच्या जवळ असताना, स्टालिनने लाल चौकातील भाषणात पूर्वजांच्या मालिकेत नेव्हस्कीचे नाव घेतले. २९ जुलै १९४२ रोजी नेव्हस्कीच्या नावाने लष्करी सन्मान सुरू झाला. पदकावर चेहरा कोणाचा कोरायचा? राजपुत्राचे समकालीन चित्र उपलब्ध नव्हते. म्हणून चित्रपटात त्याची भूमिका करणाऱ्या निकोलाय चेर्कासोव्ह या नटाचा चेहरा कोरण्यात आला. आघाडीवरील अधिकाऱ्यांच्या छातीवर तेराव्या शतकाच्या नावाने एक सिनेनट विराजमान झाला.

९/
आता त्याच नोव्हगोरोदचा दुसरा आवाज. १९५१ पासून तेथील चिखलमातीत भूर्ज जातीच्या झाडाच्या सालींवर कोरलेली पत्रे सापडत आहेत. त्यांची संख्या एक हजाराच्या वर गेली आहे. उधारी, तक्रारी, घरगुती निरोप, लग्नाची बोलणी असा त्यांतला मजकूर. त्यांत ओनफिम नावाच्या एका लहान मुलाच्या साली आहेत. साधारणपणे नेव्हस्कीच्याच काळातला हा मुलगा. तो अक्षरे गिरवतो आणि कंटाळा आला की चित्रे काढतो.

१०/
ओनफिमच्या एका चित्रात घोडेस्वार भाल्याने खाली पडलेल्या शत्रूला भोसकत आहे, आणि स्वाराशेजारी नाव आहे "ओनफिम". तेराव्या शतकातील नोव्हगोरोदच्या वीरकल्पनेचा याहून प्रत्यक्ष पुरावा कोणता? पदकावर मात्र हा मुलगा नाही. एका मुलाला स्वतः शूर व्हावेसे वाटत होते, एवढेच ही साल सांगते. तिच्यात राष्ट्राला उद्देशून एकही शब्द नाही.

११/
दुसरे उदाहरण इंग्लंडचे. १४१५ साली पाचव्या हेन्रीने अॅजिनकोर्ट येथे फ्रेंचांचा पराभव केला. त्या रणभूमीवरचे त्याचे जगप्रसिद्ध भाषण शेक्सपिअरने १५९९ च्या सुमारास, म्हणजे सुमारे १८० वर्षांनी लिहिले. तेच नाटक लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४४ साली पडद्यावर आणले. ब्रिटिश सरकारचे साहाय्य त्यामागे होते, आणि चित्रपट ब्रिटनच्या कमांडो व हवाईमार्गे उतरणाऱ्या (एअरबोर्न) सैनिकांना अर्पण केलेला होता. नॉर्मंडीत सैन्य उतरले ते याच वर्षी.

१२/
ऑलिव्हिएने काय ठेवले यापेक्षा काय कापले ते पाहावे. राजाविरुद्ध कट करणारे तीन इंग्रज सरदार गेले. हार्फ्लरच्या वेशीपुढे राजा बलात्काराची आणि तान्ह्या मुलांच्या कत्तलीची धमकी देतो, तीही गेली. फ्रेंच कैद्यांना ठार मारण्याची आज्ञा गेली. हिटलरशी लढणाऱ्या राष्ट्राच्या वीराने युद्धगुन्हेगारासारखे बोलणे परवडणारे नव्हते. भाषा शेक्सपिअरचीच राहिली. कात्री १९४४ ची होती.

१३/
१९८९ साली केनेथ ब्रॅनाने तेच नाटक पुन्हा चित्रित केले. फॉकलंड युद्ध होऊन सात वर्षे झाली होती. या वेळी कटवाले सरदार परतले, राजाच्या जुन्या मित्राची फाशी दिसली, रणभूमीवर उन्हाऐवजी चिखल आणि रक्त आले. शब्द तेच, पण थकलेल्या, स्वतःविषयी साशंक झालेल्या राष्ट्राच्या तोंडून आलेले. कैद्यांच्या कत्तलीची आज्ञा मात्र ब्रॅनानेही टाळली. वीराविषयी किती सत्य ऐकायचे, याची मर्यादा शंकेखोर राष्ट्रालाही असते.

१४/
खरा हेन्री कोणत्या भाषेत बोलत होता? याचे उत्तर दफ्तरात आहे. १४१७ च्या स्वारीपासून त्याने मायदेशी पाठवलेली आपली पत्रे फ्रेंचऐवजी इंग्रजीत लिहविण्यास सुरुवात केली. राज्यकारभारात इंग्रजीला प्रतिष्ठा देणारे ते मोठे पाऊल होते. १४१८ मध्ये रुआँच्या वेढ्यावरून तो लंडनकरांना इंग्रजीत लिहितो: लहान होड्या सज्ज करा, रसद भरा, विशेषतः पेये भरा आणि सीन नदीतून वर पाठवा.

१५/
इंग्रजी ही राष्ट्राची भाषा होण्यास त्या रसदीच्या पत्रांनी हातभार लावला. अॅजिनकोर्टचे भाषण शाळाशाळांत पाठ होते. होड्यांचे पत्र संशोधकांखेरीज कोणी वाचत नाही. ज्या पत्राने भाषा घडवली ते विस्मृतीत गेले, आणि ज्या भाषणाला प्रत्यक्ष रणभूमीचा आधार नाही ते स्मृती होऊन बसले.

१६/
तिसरे उदाहरण स्कॉटलंडचे, आणि ते सर्वांत उघडे आहे. १९९५ चा 'ब्रेव्हहार्ट': अमेरिकेत जन्मलेला दिग्दर्शक मेल गिब्सन, अमेरिकन पटकथाकार रँडल वॉलेस, आणि बराचसा भाग आयर्लंडमध्ये चित्रित. (ऑलिव्हिएने अॅजिनकोर्टची लढाईही आयर्लंडमध्येच चित्रित केली होती. इंग्लंड आणि स्कॉटलंड या दोघांचेही शौर्य आयरिश कुरणांवर घडले.) स्टर्लिंग पुलाची लढाई या चित्रपटात आहे, पूल मात्र नाही.

१७/
चित्रपटातील विल्यम वॉलेस 'स्वातंत्र्य' हा शब्द ज्या अर्थाने उच्चारतो, तो अर्थ विसाव्या शतकातील लोकशाही नागरिकाचा आहे: कोणाच्याही हुकमाखाली नसलेला एकटा माणूस. तेराव्या शतकातील वॉलेस स्वतःला राजा जॉन बेलियलच्या वतीने राज्य राखणारा समजत होता. त्याला राज्य परत हवे होते, आणि राज्याबरोबर राजाही.

१८/
वॉलेसच्या नावाने निघालेले एक पत्र सुदैवाने शिल्लक आहे. लढाईनंतर महिन्याभरात, ११ ऑक्टोबर १२९७ रोजी, त्याने आणि अँड्र्यू मरे याने ल्यूबेक आणि हॅम्बर्ग या जर्मन व्यापारी नगरांना लॅटिनमध्ये लिहिले. आशय असा: स्कॉटलंडचे राज्य इंग्रजांच्या सत्तेतून सुटले आहे, तरी तुमच्या व्यापाऱ्यांनी आपला माल घेऊन पूर्वीप्रमाणे निर्धास्त आमच्या बंदरांत यावे. विजयानंतर त्या वीराला आठवले ते व्यापारी आणि बंदरे.

१९/
हे पत्र कोणत्याही आरोळीपेक्षा थोर आहे. आपले राज्य स्वतंत्र आहे, हे परक्या नगरांना कळवणे आणि त्यांच्याशी व्यवहार सुरू करणे, ही सार्वभौमत्वाची खरी भाषा. पण गल्ल्यावर चालते ती आरोळी, आणि राजकारणातही तीच चालली. स्कॉटिश राष्ट्रवादी पक्षाने या चित्रपटाचा प्रचारात उपयोग केला. स्कॉटलंडला स्वतःची संसद हवी की नको, यावरचे जनमत ११ सप्टेंबर १९९७ रोजी घेतले गेले. स्टर्लिंगच्या लढाईला त्या दिवशी बरोबर ७०० वर्षे होत होती.

२०/
त्याच वर्षी स्टर्लिंगजवळच्या वॉलेस स्मारकाच्या आवारात एक पुतळा उभा राहिला. वॉलेसचा म्हणून उभारलेला, चेहरा मात्र मेल गिब्सनचा. लोकांनी त्याची नासधूस केली, त्याला कुंपणात ठेवावे लागले आणि अखेर हलवावे लागले. मॉस्कोत पदकावर नट, स्टर्लिंगमध्ये चौथऱ्यावर नट. फरक इतकाच की, स्कॉटिश लोकांना हा चेहरा आपला नाही हे बोलून दाखवता आले. युद्धकाळातील सोव्हिएत अधिकाऱ्याला तसे म्हणण्याची सोय नव्हती.

२१/
चौथे उदाहरण चीनचे. वर आरोळ्याच आरोळ्या झाल्या. येथे वीर गप्प बसतो. झांग यिमौ याच्या 'हीरो' (२००२) मध्ये एक मारेकरी छिन राजाचा वध करण्यास येतो आणि अखेरच्या क्षणी हात आवरतो. याच राजाने पुढे इ.स.पू. २२१ मध्ये चीन एकत्र केला. कथेचा सारा भार एका शब्दावर आहे: 'तिएन्श्या', म्हणजे 'आकाशाखालचे सारे'. साऱ्यांच्या शांततेसाठी एकाने आपला सूड सोडावा, हे त्या शब्दाचे मागणे. सत्तेपुढे माघार घेणे हीच येथे वीरता ठरते.

२२/
हा चित्रपट २००४ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा इंग्रजी उपशीर्षकांत त्या शब्दाचे रूपांतर 'आपली भूमी' अशा अर्थाने झाले. विश्वव्यापी साम्राज्याची कल्पना एका झटक्यात पाश्चात्त्य प्रेक्षकाला ओळखीच्या देशभक्तीत विरघळली. पडद्याच्या तळाशी दोन सेकंद दिसणाऱ्या दोन शब्दांत वीराचे राष्ट्र बदलले. उपशीर्षके निरुपद्रवी मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

२३/
छिन राज्याची खरी भाषाही उपलब्ध आहे. १९७५-७६ मध्ये हूबेई प्रांतातील श्वेइहूदी येथील थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवरचे कायदे सापडले, आणि एका थडग्यात लाकडी फळ्यांवर लिहिलेली दोन पत्रे. ती लिहिणारे दोघे भाऊ छिन सैन्यातले साधे शिपाई. चू राज्यावरच्या मोहिमेत गुंतलेले. पत्रांत 'आकाशाखालचे सारे' कोठेही नाही. आईची खुशाली आहे, आणि मागणी आहे: पैसे पाठव, उन्हाळी कपड्यांसाठी कापड पाठव.

२४/
चीन एकत्र झाला तो त्या मारेकऱ्याच्या उदात्त मौनामुळे नव्हे. तो झाला अशा असंख्य शिपायांमुळे, ज्यांच्या अंगावर धड कपडे नव्हते आणि जे आईकडे कापड मागत होते. चित्रपटात छिन सैन्य म्हणजे काळ्या चिलखतांची एक शिस्तबद्ध भिंत. त्या भिंतीतल्या दोन विटांनी आपापली नावे लिहून ठेवली आहेत: हेइफू आणि जिंग.

२५/
आता घराकडे. १९३० साली कोल्हापूरच्या प्रभात कंपनीने शिवाजी महाराजांवर मूकपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, महाराजांच्या भूमिकेतही तेच. नाव होते 'स्वराज्याचे तोरण'. ब्रिटिश सेन्सॉरने त्या नावास हरकत घेतली आणि चित्रपट 'उदयकाल' या नावाने प्रदर्शित झाला. वीर मुका होता, तरी सरकारला त्याच्या एका शब्दाची धास्ती वाटली.

२६/
सेन्सॉरचे वाचन अचूक होते, हे मान्य करावे लागते. डिसेंबर १९२९ मध्ये लाहोरला काँग्रेसने पूर्ण स्वराज्याचा ठराव केला होता; १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह झाला. 'स्वराज्य' हा शब्द पडद्यावर सतराव्या शतकाच्या वेशात येत होता, आणि प्रेक्षक तो विसाव्या शतकाच्या कानांनी ऐकणार होते. वीराची भाषा कोणत्या वर्षाची असते, हे त्या साहेबाला अनेक चित्रपटरसिकांपेक्षा चांगले कळले होते.

२७/
तीस वर्षे पुढे. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मध्ये आरंभी खुद्द हिंदुस्थानच निवेदक होऊन बोलतो, आणि अकबर भारदस्त उर्दूत संवाद म्हणतो. अकबराच्या दरबाराची भाषा फारसी होती. ती उर्दू फाळणीनंतर तेरा वर्षांनी, 'हा बादशहा आमचाच' असे सांगू पाहणाऱ्या प्रजासत्ताकाची होती. तीच उर्दू अलीकडील अनेक हिंदी ऐतिहासिक चित्रपटांत खलनायकाची खूण झाली आहे. शब्द तेच, वर्ष निराळे.

२८/
आजच्या पडद्यावर एक पक्की वाटणी दिसते: स्वकीय संस्कृतप्रचुर बोलतात, परकीय फारसीप्रचुर. सतराव्या शतकात अशी वाटणी नव्हती. हवालदार, जुमलेदार, सुभेदार, सरनोबत ही मराठी सैन्यातील पदांची नावेच फारसी-अरबी वळणाची. महाराजांच्या पत्रांतही असे शब्द जागोजाग आहेत. मावळ्याच्या तोंडून ते काढून टाकणे म्हणजे त्याची जीभ कापून तेथे आजची जीभ शिवणे होय.

२९/
यावर एक रास्त आक्षेप येईल. महाराजांनीच राज्याभिषेकाच्या सुमारास पदांची नावे बदलली: पेशव्याचा पंतप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत. त्यांच्याच आज्ञेने 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. हे पूर्ण खरे आहे, आणि म्हणूनच मोलाचे आहे. भाषेविषयी निर्णय घ्यावा लागला, कारण व्यवहारात फारसी मुरलेली होती. चित्रपट ती मुरलेली भाषाच पुसतो, त्यामुळे त्या निर्णयाचे मोठेपणही पुसले जाते.

३०/
महाराजांचे एक पत्र प्रत्येक इतिहासप्रेमीने वाचावे. चिपळूण परिसरात तळ ठोकून असलेल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते लिहिले आहे. मजकुराचा आशय असा: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण जपून वापरा. ती संपली तर घोडी मरतील, तुम्ही कुणब्यांकडून धान्य, भाकर, गवत, लाकूड, भाजी हिसकावू लागाल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटू लागतील.

३१/
याच पत्रात पुढे आगीविषयी ताकीद आहे. गवताच्या गंजीजवळ आगट्या पेटवू नका, चिलीम ओढू नका, रात्री दिवे जळते ठेवून झोपू नका. उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवत जळून जाईल. एक राजा उंदराने नेलेल्या वातीपर्यंत विचार करतो, कारण वात गवतापर्यंत, गवत घोड्यापर्यंत, घोडे रयतेपर्यंत आणि रयत राज्यापर्यंत जाते, हे त्याला ठाऊक आहे. या पत्राइतकी उत्कंठा किती संवादांत सापडते?

३२/
आता नेहमीचा बचाव: "चित्रपट म्हणजे प्रबंध नव्हे. लोकांना स्फुरण लागते, राष्ट्राला दंतकथा लागतात." मान्य. 'अलेक्झांडर नेव्हस्की' ही श्रेष्ठ कलाकृती आहे आणि शेक्सपिअरला अॅजिनकोर्टचा पुरावा मागणे वेडेपणाचे ठरेल. प्रश्न कलेच्या स्वातंत्र्याचा नाही. संवाद चित्रपटगृहाबाहेर पडून पदकावर, चौथऱ्यावर, प्रचारपत्रकावर बसतो, आणि तेथे त्याला कोणी जन्मवर्ष विचारत नाही, हा प्रश्न आहे.

३३/
आणि स्फुरण कशाचे, हेही विचारावे. गर्जना माणसाला एका क्षणासाठी मरायला तयार करते. राज्य चालते ते रसदीवर, बंदरांवर, वैरणीवर, शिपायाच्या कपड्यांवर. ज्या समाजाच्या कानांवर केवळ गर्जनाच पडतात, त्याला वीरता म्हणजे मरणे आणि मारणे एवढेच कळते. रयतेच्या भाजीला हात न लावणे हीसुद्धा वीरता आहे, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. येथे नुकसान केवळ इतिहासाचे होत नाही. राष्ट्राच्या स्वतःविषयीच्या कल्पनेचेही होते.

३४/
महाराष्ट्रात हे दुखणे विशेष बोचते. चित्रपटातील एखाद्या संवादावरून अस्मिता दुखावते, मोर्चे निघतात, खेळ बंद पडतात. त्याच महाराष्ट्रात पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे लक्षावधी मोडी कागद आहेत, आणि ते अस्खलित वाचू शकणारी माणसे फार थोडी. पूर्वजांच्या अपमानावर संतापणारे पुष्कळ. पूर्वजांचे हस्ताक्षर वाचता येणारे विरळा. संतापाला लिपी शिकावी लागत नाही, हे त्याचे कारण.

३५/
विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडले, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरे उघडून घेतली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडांमागून खंड प्रसिद्ध केले. १९१० साली भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. पारतंत्र्यात, तुटपुंज्या साधनांनिशी झालेले हे काम. ती साधने वाचण्याऐवजी त्यांच्या पूर्वजांच्या नावाने लिहिलेले संवाद पाठ करणे, हा त्या श्रमांचा अनादर आहे.

३६/
म्हणून तरुण इतिहासप्रेमींसाठी तीन कसोट्या. पडद्यावरचा वीर बोलू लागला की पहिला प्रश्न: हे वाक्य कोणत्या वर्षी लिहिले गेले आणि त्या वर्षी देशात काय चालले होते? दुसरा: कापून काय टाकले? तिसरा: त्या वीराचा किंवा त्याच्या काळातील माणसाचा अस्सल कागद कोठे आहे, आणि त्यात तो कशाविषयी बोलतो? टाळ्या अवश्य वाजवाव्यात. पण तिन्ही उत्तरे शोधल्याशिवाय त्या संवादाला इतिहास म्हणू नये.

३७/
आणि शक्य असेल त्यांनी मोडी शिकावी. काही महिन्यांच्या सरावाने अक्षरे ओळखीची होतात, त्यानंतर कागद बोलू लागतात. ते गर्जना करीत नाहीत. ते वैरणीचा हिशेब सांगतात, उंदराची धास्ती घेतात, कुणब्याच्या भाजीची काळजी वाहतात. पडद्यावर आजवर न ऐकलेला राजा तेथे भेटतो, आणि तो ऐकिवातल्या राजापेक्षा मोठा निघतो.